वज्रेश्वरी

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील (भिवंडी तालुका) देवस्थान व उष्ण झऱ्यांचे गाव. तानसा नदीच्या काठी. जुने नाव वडवली. लगतची अकलोली व गणेशपुरी ही गावे धरून हा सारा परिसर एकच क्षेत्र मानला जातो, म्हणून तिन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे. भिवंडी–वाडा रस्त्याने आल्यास अंबाडी नाक्यावर आणि मुंबई–अहमदाबाद महामार्गाने आल्यास शिरसाड फाट्यावर वळावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई व वाडा हे शेजारचे तालुके तिकडे गेले. वज्रेश्वरी ठाण्यातच राहिले. जुन्या पुस्तकांत ‘ठाणे जिल्ह्यातील झरे’ म्हणून दिलेली सातिवली, कोकणेर, हालोली ही ठिकाणे त्यामुळे आता पालघर जिल्ह्यात शोधावीत.

इतिहास व देवालय : आजचे देवालय वसईच्या मोहिमेतून उभे राहिले, आणि त्या मोहिमेचा धागा पुण्याच्या शनिवार पेठेपर्यंत जातो. थोरले बाजीराव पेशवे यांनी तेथे १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला; २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांच्याकडे पोर्तुगिजांच्या ताब्यातील उत्तर कोकणाची, म्हणजे उत्तर फिरंगाणाची, मोहीम आली. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि उत्तरेकडील त्यांच्या मुलखाचे ते मुख्य ठाणे होते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट व साष्टी घेतली. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या लढाईत मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्यानंतर वसईला निकराचा वेढा बसला. तीन बाजूंना समुद्र व खाडी, चौथ्या बाजूला वाळूची चिंचोळी जमीन. त्या बाजूने मोर्चे पुढे नेत तटाखाली सुरुंग घालावे लागले. मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. पोर्तुगिजांना कुटुंबकबिला व चीजवस्तूंसह निघून जाण्याची मुभा तहात मिळाली. इतका कडवा वेढा लढल्यावरही ही सवलत दिली गेली, हे चिमाजी आप्पांच्या चरित्रात विजयाइतक्याच ठळकपणे नोंदले जावे.

परंपरा सांगते ती अशी : वसईकडे जाताना चिमाजी आप्पांचा तळ वडवलीला पडला. किल्ला हाती आला तर तुझे देऊळ किल्ल्यासारखे बांधीन, असा नवस त्यांनी वज्रेश्वरीला केला. देवीचे मूळ ठाणे उत्तरेस गुंज येथे होते व ते पोर्तुगिजांनी मोडले, असेही सांगतात. विजयानंतर वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे बांधकाम सोपवले गेले. मंदागिरी नावाच्या टेकाडावरील हे देवालय पाहिले की नवसाचा अर्थ कळतो. भोवती दगडी तट आहे, दारावर नगारखाना आहे आणि चढून जाण्यास ५२ पायऱ्या आहेत. एका पायरीवर कासव कोरलेले आहे. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधवला. गाभाऱ्यात वज्रेश्वरीबरोबर रेणुका, सप्तशृंगी, कालिका व परशुराम यांच्या मूर्ती आहेत. टेकडीवर गोधडेबुवा या गिरी गोसावी साधूंची समाधी आहे. चैत्र अमावास्येला यात्रा भरते.

वसईच्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर देवळांत पोचल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ व मेणवली येथील घंटा प्रसिद्ध आहेत. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी वारले आणि चिमाजी आप्पा त्याच वर्षी १७ डिसेंबरला. चिमाजी आप्पांची समाधी पुण्याच्या शनिवार पेठेतच, मुठेकाठच्या ओंकारेश्वराजवळ आहे. शनिवारवाडा पाहायला येणारे बरेच लोक तिथवर जात नाहीत. वज्रेश्वरीचा इतिहास ज्याला जाणून घ्यायचा आहे, त्याने जावे.

गणेशपुरी : भीमेश्वराचे देऊळ व त्यालगतची कुंडे हे जुने स्थान. स्वामी नित्यानंद यांच्या वास्तव्यामुळे गाव नावारूपाला आले. त्यांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी येथेच देह ठेवला. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद (१९०८–१९८२) यांच्या आश्रमामुळे परदेशी साधकही येऊ लागले.

झरे : देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, अशी कथा आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने हे झरे कोकणातील एका लांबलचक पट्ट्याचा भाग आहेत. हा पट्टा पालघर जिल्ह्यातून निघून रायगडमधील उन्हेरे व सव, रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी असा राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत जातो. पावसाचे पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वाट मिळेल तिथे थंड व्हायच्या आत वर येते. खाली जागता ज्वालामुखी नाही. कोकणातील झऱ्यांचे तापमान सु. ३४° ते ७१° से. असून सर्वांत कढत पाणी उन्हवऱ्याचे आहे. वज्रेश्वरी परिसरात ते कुंडागणिक बदलते : एकात तासभर बसवते, तर हाकेच्या अंतरावरील दुसऱ्यात पाय ठेववत नाही. काही कुंडे बांधलेली आहेत, काही झरे थेट तानसेच्या पात्रात उमळतात. अकलोलीची कुंडे रामेश्वराच्या देवळापुढे आहेत.

स्नान व सावधगिरी : या स्थळाच्या वर्णनांत देवालयाला पाने मिळतात आणि पाण्यात कसे उतरावे याबद्दल एक ओळही नसते, म्हणून ते येथे सविस्तर दिले आहे. वाफ दिसत नाही म्हणून पाणी कोमट, असे मानू नये. भर उन्हात कढत पाण्यावरही वाफ दिसत नाही. आधी तांब्याने पाणी काढून ते कोपरावर किंवा मनगटावर घ्यावे, मग काठावर बसून पाय सोडावेत. ६०° से. पाण्याने प्रौढ माणसाची कातडी ५ सेकंदांच्या आसपास भाजते; मुलांची त्याहून लवकर. लहान मुलाला कडेवर घेऊन थेट पाण्यात उतरणे म्हणूनच धोक्याचे. अंग सोसेल अशा पाण्यातही एका वेळी दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो आणि झटकन उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. काठ शेवाळलेले असल्याने पडल्यास डोक्याला मार बसतो. हृदयविकार व रक्तदाबाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पाय भाजल्याचे उशिरा कळते. त्यांनी आधी सोबत्याकडून पाणी पाहून घ्यावे.

त्वचारोग व संधिवातावर हे पाणी गुणकारी असल्याची श्रद्धा जुनी आहे. उबेने आखडलेले सांधे सैल होतात, हे खरे. मात्र उघडी जखम, गजकर्ण किंवा खरूज असलेल्याने सामायिक कुंडात उतरणे इतरांवर अन्याय आहे. अशांनी बादलीने पाणी घेऊन बाजूला स्नान करावे. डुबकी मारू नये. ऊन गोड्या पाण्यात मेंदूला गाठणारा एक अमीबा वाढू शकतो आणि तो नाकावाटेच शिरतो. पाणी पिण्याने तो आजार होत नाही, तरी कुंडातील पाणी पिऊ नये. साबण, शाम्पू, कपडे धुणे कुंडात नको. मद्य घेऊन स्नान तर मुळीच नको.

सर्वांत मोठा धोका नदीचा आहे. वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, मुंबईला पाणी पुरवणारे तानसा धरण (१८९२) आहे. पावसाळ्यात ते भरून वाहू लागले की गावात पाऊस नसतानाही पात्र चढते. प्रशासन काठच्या गावांना आगाऊ इशारा देते, पण पात्रातल्या झऱ्याशी बसलेल्या परगावच्या माणसापर्यंत तो पोचेलच असे नाही. जून ते सप्टेंबर पात्रात उतरू नये; बांधलेल्या कुंडांवर समाधान मानावे. स्नानाला थंडीचे दिवस चांगले व पहाटेची वेळ उत्तम, पण अंधारात एकट्याने जाऊ नये. यात्रेच्या दिवसांत कुंडे गच्च भरतात. आजारी माणसाला आणायचे तर ते दिवस टाळावेत.

येथील सावधगिरी सगळ्याच झऱ्यांना पुरत नाही. लडाखमधील पुगा व चुमाथांग येथील झऱ्यांवर आता मराठी पर्यटकही जातात. लडाख हे थंड वाळवंट आहे. पुगा सु. ४,४०० मी. उंचीवर असून तेथील पाणी उकळीच्या जवळ असते आणि मदत कित्येक तास दूर. वज्रेश्वरीचा अनुभव तेथे उपयोगी पडत नाही. तेथे आधी विरळ हवेला शरीर सरावावे लागते, आणि पुग्यात पाण्याभोवतीची पांढरी, क्षारांची कवचासारखी जमीन पायाखाली खचू शकते.

अर्थव्यवस्था : भात हे मुख्य पीक. प्रसादाची दुकाने, खानावळी, निवासगृहे व परिसरातील वीटभट्ट्या यांवर अनेकांची उपजीविका चालते.