थेट प्रक्षेपणासाठी ध्वनी-चित्र स्वरूपांची निवड

थेट प्रक्षेपण : घडत असलेला कार्यक्रम इंटरनेटवरून किंवा एखाद्या संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कवरून त्याच वेळी प्रेक्षकांपर्यंत पोहोचवण्याची पद्धत. चित्र आणि ध्वनी कोणत्या कोडेकने दाबून लहान करायचे, ते कोणत्या कंटेनरमध्ये एकत्र बांधायचे, कोणत्या प्रोटोकॉलने पाठवायचे आणि दर सेकंदाला किती बिट खर्च करायचे (बिटरेट), हे त्यातील मुख्य निर्णय होत. आधी मुद्रित केलेल्या कार्यक्रमात बिघडलेला भाग पुन्हा तयार करता येतो. थेट प्रक्षेपणात निसटलेला क्षण परत मिळत नाही. म्हणून येथे सर्वांत प्रगत स्वरूपापेक्षा सर्वांत खात्रीचे स्वरूप श्रेष्ठ ठरते, आणि आकडे ठरवताना कार्यक्रमाचा आशय व वाटेतील सर्वांत कमकुवत दुवा यांचाच विचार आधी करावा लागतो.

या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात, २४ जून १९९३ रोजी, अमेरिकेतील ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम एमबोन या प्रायोगिक नेटवर्कवरून प्रसारित झाला. १९९५ मध्ये रिअलऑडिओ आले आणि मोडेमवरून घरोघरी ध्वनी पोहोचू लागला. पॅरिसच्या एकोल सांत्राल या शिक्षणसंस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या नेटवर्कवरून दूरचित्रवाणी दाखवण्यासाठी सुरू केलेल्या प्रकल्पातून पुढे व्हीएलसी प्लेअर घडला. तेव्हापासून वेग शेकडो पटींनी वाढला, तरी मोठे चित्र आणि अपुरी वाट यांतील ओढाताण तीच आहे. १९२० × १०८० बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेमचे चित्र न दाबता पाठवायचे तर नेहमीच्या ४:२:० रंगनमुन्यातही सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. प्रत्यक्षात पाठवण्याच्या वाटेवर मिळतात चार-पाच मेगाबिट. म्हणजे कोडेकने शंभराहून अधिक भागांतून एक भाग ठेवायचा आणि बाकीचा असा टाकायचा की डोळ्याला कळू नये.

हे साधते ते शेजारच्या फ्रेममधील साम्यामुळे. अधूनमधून एक संपूर्ण चित्र पाठवले जाते, त्याला की-फ्रेम म्हणतात; मधल्या फ्रेममध्ये मुख्यतः बदल तेवढा कळवला जातो. नव्याने जोडलेल्या प्रेक्षकाला की-फ्रेम येईपर्यंत चित्र दिसू शकत नाही. तसेच एचएलएससारख्या पद्धतीत प्रक्षेपणाचे जे छोटे तुकडे पाडले जातात, त्यांची सुरुवात की-फ्रेमपासून व्हावी लागते. म्हणून की-फ्रेममधील अंतर दोन सेकंद ठेवण्याचा प्रघात आहे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दर ५० फ्रेमनंतर एक. अनेक एन्कोडरमध्ये, म्हणजे चित्र-ध्वनी दाबणाऱ्या साधनांत, हा आकडा ‘ऑटो’वर सोडलेला असतो. तो स्वतः भरावा.

चित्रासाठी २००३ मध्ये प्रमाणित झालेले एच.२६४ आजही पहिली निवड आहे. एच.२६५ (२०१३) आणि एव्ही१ (२०१८) तेवढाच दर्जा बऱ्याच कमी बिटमध्ये देतात, पण एन्कोड करताना यंत्रावर अधिक भार टाकतात आणि जुने फोन, टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स ते उलगडू शकतील याची हमी नसते. एच.२६४ उलगडणारी चिप गेल्या दशकातील जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे. गावाकडे आजीच्या हातातला जुना फोन हा प्रेक्षकवर्गाचा भाग असेल, तर निर्णय तिथेच होतो. मोठी व्यासपीठे आलेले प्रक्षेपण आपल्या सर्व्हरवर पुन्हा वेगवेगळ्या आकारांत एन्कोड करतात. त्यामुळे पाठवणाऱ्याने नवे कोडेक वापरले की प्रेक्षकाचा डेटा वाचतो, हा समजही बहुधा चुकीचा ठरतो.

कॅमेऱ्यापासून व्यासपीठापर्यंतच्या वाटेवर आरटीएमपी अजून टिकून आहे. फ्लॅश प्लेअरसाठी जन्मलेला हा प्रोटोकॉल, ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला तरी, पाठवण्यासाठी चालूच राहिला. तो टीसीपीवर चालतो. माहितीचे हरवलेले पाकीट (पॅकेट) पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे थांबते. डळमळीत मोबाइल नेटवर्कवर २०१७ मध्ये मुक्त झालेला एसआरटी अधिक उपयोगी पडतो. ठरवून दिलेल्या विलंबाच्या आत तो हरवलेली पाकिटे परत मागवतो आणि वेळ टळून गेली की पुढे सरकतो. दोन बाजूंनी बोलणे असेल, शिकवणी किंवा मुलाखत, तर वेबआरटीसी हवे. त्यात विलंब एका सेकंदाच्या आत राहतो आणि ध्वनीसाठी ओपस हे कोडेक वापरले जाते. याउलट एचएलएसचे सहा सेकंदांचे तुकडे आणि प्लेअरने आधी साठवलेले तीन तुकडे धरले तर प्रेक्षक अठरा-वीस सेकंद मागे असतो. कीर्तन ऐकणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही.

संस्थेच्या आवारातच, एका सभागृहातून शेजारच्या खोल्यांत, चित्र न्यायचे असेल तर एमपीईजी-टीएस कंटेनर यूडीपीवरून मल्टिकास्ट करणे, म्हणजे एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना पाठवणे, सोपे पडते. त्यातील प्रत्येक पाकीट १८८ बाइटचे असते आणि अशी सात, म्हणजे १,३१६ बाइट, इथरनेटच्या एका चौकटीत मावतात. हे केबलवर करावे. वाय-फायवर मल्टिकास्ट सहसा सर्वांत कमी वेगाने आणि पोच न घेता जाते, त्यामुळे चित्र फुटते.

बिटरेट ठरवताना डाउनलोडचा वेग पाहून फसू नये. मोबाइल आणि कित्येक घरगुती जोडण्यांत अपलोड त्यापेक्षा खूप कमी असतो. कार्यक्रमाच्या जागी, कार्यक्रमाच्याच वेळी अपलोड मोजावा आणि त्याच्या निम्म्याहून फारसा जास्त वापरू नये. २५ फ्रेमच्या १०८० ओळींच्या चित्राला एच.२६४ मध्ये साधारण ४ ते ६ मेगाबिट आणि ७२० ओळींच्या चित्राला अडीच ते चार मेगाबिट पुरतात. बिटरेट स्थिर ठेवावा, म्हणजे अचानक उसळी येऊन वाट तुंबत नाही. अपलोड चार मेगाबिटच मिळत असेल तर १०८० चा हट्ट सोडून ७२० ओळी आणि दोन-अडीच मेगाबिट घ्यावेत. अडखळणाऱ्या सुबक चित्रापेक्षा सलग चालणारे साधे चित्र लोक शेवटपर्यंत पाहतात. प्रेक्षकाचाही हिशेब हवा. तीन तासांचा कार्यक्रम दीड मेगाबिटने पाहिला तर सुमारे २ जीबी डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असलेल्याचा सगळा दिवस त्यात संपतो. तोच कार्यक्रम १२८ किलोबिटने नुसता ऐकला तर सुमारे १७३ एमबी पुरतात. गायनाच्या किंवा व्याख्यानाच्या प्रक्षेपणाला केवळ ध्वनीची वेगळी वाट देण्याची सोय आयोजकांनी अवश्य करावी.

हे आकडे प्रत्येक प्रसंगाला सारखे लागू होत नाहीत. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत गायक आणि साथीदार बसलेले असतात, मागचा पडदा हलत नाही. दोन मेगाबिटमध्येही चित्र उत्तम राहते. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत नेमके उलटे घडते. उडणारा गुलाल, पावसाचे थेंब, हलणारे झेंडे आणि शेकडो हात यांत शेजारच्या फ्रेमशी जुळणारे फारच थोडे उरते. तिथे सहा मेगाबिटही अपुरे पडून चित्राचे चौकोन होतात. त्यातच हजारो फोन एकाच टॉवरवर आल्याने अपलोड सर्वांत कमी असतो. अशा ठिकाणी कॅमेरा उंचावर स्थिर ठेवणे, चित्र ७२० ओळींवर आणणे आणि शक्य असेल तर जवळच्या दुकानातून किंवा मंडळाच्या कार्यालयातून केबलची जोडणी घेणे हे कोणत्याही कोडेकपेक्षा जास्त उपयोगी पडते. नाटकाची अडचण आणखी वेगळी. अंधुक रंगमंचावर कॅमेऱ्याचा गेन वाढला की काळ्या भागात दाणे नाचू लागतात आणि एन्कोडर आपले बिट त्या दाण्यांवर खर्च करतो. तिथे गेन मर्यादित ठेवून काळे काळेच राहू द्यावे.

ध्वनीकडे मात्र सर्वत्र दुर्लक्ष होते, आणि ते अक्षम्य आहे. चित्र काही क्षण बिघडले तर प्रेक्षक थांबतो. आवाज फाटला की निघून जातो. आणि ध्वनीची किंमत चित्राच्या मानाने नगण्य असते : एएसी कोडेकमध्ये ४८ किलोहर्ट्‌झ नमुनादराने व्याख्यानाला ९६ किलोबिट मोनो पुरतात, मैफलीला १९२ किलोबिट स्टिरिओ द्यावेत. कमी बिटचे एचई-एएसी वरचे स्वर अंदाजाने पुन्हा रचते. बोलण्याला ते चालते. तानपुऱ्याच्या जवारीत जो स्वरांचा झरा असतो तो त्यात कोरडा पडतो. त्याहून मोठे नुकसान गोंगाट घालवणाऱ्या सोयींमुळे होते. व्हिडिओ-सभांसाठी बनवलेल्या ॲपना अखंड चालणारा एकसुरी नाद पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तानपुरा पुसून टाकतात. गाणे प्रसारित करताना नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन आणि ऑटो गेन या तिन्ही सोयी बंद कराव्यात. आलापातील हळू आवाज ऑटो गेन फुगवतो आणि तबल्याच्या पहिल्याच थापेला दाबून टाकतो.

सभागृहाच्या मिक्सरमधून थेट लाइन घेतली तरी काम संपत नाही. तो मेळ सभागृहासाठी बसवलेला असतो; लहान दालनात तबला स्वतःच्याच जोरावर ऐकू येतो म्हणून स्पीकरमध्ये कमी सोडलेला असतो, आणि घरी ऐकणाऱ्याला तो हरवल्यासारखा वाटतो. प्रक्षेपणासाठी वेगळा मेळ मागावा, आणि दाद ऐकू यावी म्हणून श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माइक जोडावा. ढोल-ताशासमोर माइकचा पॅड, म्हणजे येणारा आवाज कमी करणारी सोय, चालू करावा. माइकमध्येच फाटलेला आवाज पुढे कोणत्याही सेटिंगने सांधता येत नाही.

कॅमेरा आणि ध्वनी वेगळ्या वाटांनी येत असल्याने ओठ आणि शब्द यांत फरक पडतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला ते जाणवू लागते. कॅप्चर कार्डमुळे सहसा चित्र मागे पडते, म्हणून टाळी वाजवून फरक पाहावा आणि एन्कोडरमध्ये ध्वनीला तेवढा विलंब द्यावा. भारतात वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ किंवा ५० फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० शटर ठेवले तर चित्रात सरकणारे पट्टे येत नाहीत. कित्येक फोन आणि वेबकॅम मुळात ३० फ्रेमवर लावलेले असतात, तेवढे तपासून घ्यावे.

प्रक्षेपणाबरोबरच त्याच संगणकावर अधिक बिटरेटने मुद्रणही चालू ठेवावे, कारण नेटवर्क तुटले तरी मूळ कार्यक्रम हातात राहतो. या मुद्रणासाठी एमकेव्ही कंटेनर निवडावा. साध्या एमपी४ मध्ये फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते आणि मध्येच वीज गेल्यास फाइल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग शाबूत राहतो.