नाशिकची माणसं मोजताना

जनगणना आली की आपल्यापैकी अनेक शिक्षकांना खडू बाजूला ठेवून घरोघरी फिरावं लागतं. नाव, वय, शिक्षण, कामधंदा विचारायचा आणि रकाने भरायचे. दमछाक होते. मग मनात येतं, या आकड्यांचं पुढे होतं तरी काय? नाशिक जिल्ह्यापुरतं आपण पाहू या.

भारतातली पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. तशी मोजणी १८८१ मध्ये झाली आणि पुढे २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत राहिली. इंग्रजांना ही माहिती राज्यकारभारासाठी हवी होती. पण एकदा नोंदलेला आकडा नोंदवणाऱ्याच्या हेतूपेक्षा बरंच जास्त सांगतो.

१९०१ मध्ये नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ८,१६,५०४ भरली. १८९१ पेक्षा ती सुमारे ३ टक्क्यांनी कमी होती. असं का झालं असेल? त्या दहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून पसरत गेला. मात्र किती माणसं मेली आणि किती पोटासाठी गाव सोडून गेली, हे एकट्या जनगणनेवरून कळत नाही. त्यासाठी जन्ममृत्यूच्या नोंदी शोधाव्या लागतात. एक आकडा प्रश्न उभा करतो. उत्तरासाठी दुसरा लागतो.

आता अलीकडे येऊ. २००१ मध्ये नाशिक जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९२७ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये त्या ९३४ झाल्या. सुधारणा झाली म्हणायची का? थांबा. फक्त सहा वर्षांपर्यंतची मुलं मोजली, तर त्याच काळात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९२० वरून ८९० वर आलेली दिसते. पहिल्या आकड्यात आजीपासून नातीपर्यंत सगळ्या पिढ्या एकत्र आहेत, म्हणून नातींची घट त्यात झाकली गेली.

निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. नाशिकमध्ये साठेक मुली कमी पडल्या. इतकी तफावत निसर्गाच्या माथी मारता येत नाही. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये कायदा केला होता. २०११ मध्ये मोजलेली ही मुलं त्यानंतरच जन्मलेली. नुसता कायदा पुरला नाही, हे कुणाच्या भाषणातून नव्हे, आपणच भरलेल्या रकान्यांतून समजलं.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांनी आपापल्या गल्लीतल्या माणसांची वयोगटानुसार मुलगे-मुली अशी यादी करावी. गल्ली लहान असल्याने त्यावरून निष्कर्ष काढू नये. पण बेरजेत काय लपतं, ते मुलांना उमगेल.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. घरची माणसं सांगताना तान्ही मुलं अनेकदा विसरली जातात. म्हणून दारातून निघण्यापूर्वी आपण पुन्हा एकदा विचारू या : घरात लहान बाळ आहे का?