धाब्यावर तांबं

तांब्याचं छप्पर शोधायला तुम्ही खान्देशात निघालात, तर आधी थेट प्रकाशे गाठा. तापी-गोमाईचा संगम. १९५५ साली इथं उत्खनन होईल. त्याला अजून तीन हजारांवर वर्षं अवकाश आहे. युगाचं नाव ताम्रपाषाण, म्हणून तुमच्या आशा वाढलेल्या. पण समोरचा माणूस गारगोटीच्या पात्यानं कातडं कापतोय. तांबं आहे, पण मुठीत मावेल एवढंच, आणि ते कुणी उन्हापावसात टाकत नाही. डोक्यावर गवत. पुढे चला.

सन १९००, मे अखेर, अमळनेरकडचं एक गाव. दार ठेंगणं आहे, वाका. बाहेरच्या फुफाट्यातून आत पाऊल टाकताच अंगावर गारवा येतो. डोळे सरावले की वर बघा: सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचण, मग कडुनिंबाचा पाला आणि त्यावर हातभर माती. छतातल्या साण्यातून उन्हाची तिरीप चुलीच्या धुरात उतरलेली. हे धाबं.

शिडीनं वर या. एक म्हातारी पाटीतली खारी पसरतेय, मागून सून पायानं दाबतेय. हातात घ्या ती माती: पांढरट, पिठासारखी. क्षारामुळे हिच्यावर गवत धरत नाही, आणि पाणी लागलं की कण सुटे होऊन फटी बुजवतात. तरीही धाबं गळतं. घुशीनं एक बीळ पाडलं, की श्रावणात घरभर भांडी मांडायची. म्हणून दर साल मिरगाच्या आधी हे काम.

पण गेल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. गोठे रिकामे आहेत. तुमच्या मनातलं म्हातारीला कळतं.

“यंदा पानी पडी, भाऊ. पडीच.”

आणि पाटी उपडी करते.

खाली बोळातून एकजण जुनेराखाली हंडा झाकून निघालाय. लग्नातला असावा, काठावर नाव कोरलंय. तो आज वजनावर जाईल, मोडीच्या भावात. या गावात छपराला तांबं असतं तर ते दिवाळीलाच उतरलं असतं, आणि मला विचाराल तर उतरवणाऱ्याचं काही चुकलं नसतं.

युरोपातल्या चर्चांवर तांब्याचा पत्रा शतकभर टिकतो. हवेनं हिरवा थर चढतो आणि तोच त्याला राखतो. तिथं छपराचं भांडण पावसाशी आणि बर्फाशी. इथं ते उन्हाशी. पातळ पत्रा कुठल्याही धातूचा असो, ऊन तो आत आणतोच. हातभर माती मात्र दुपारचा ताप संध्याकाळपर्यंत अडवून धरते. आणि रात्री त्याच मातीवर वाकळ टाकून अख्खं घर झोपतं. पत्र्यावर झोपून दाखवा!

आता आजच्या जळगावात या. मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या आसपास. धाबी पाडून स्लॅब आले, काहींवर पत्रे चढले. खाली थांबवत नाही, म्हणून कित्येक घरांत एसी. गच्चीवर जाऊन बाहेरच्या युनिटपाशी बसा. काळा फोम गुंडाळलेली नळी भिंतीवरून खोलीत उतरते. फोमची फट बोटानं जरा फाकवा.

तांबं! छपरावर चढलंच अखेर, मातीनं फुकट दिलेला गारवा विकत आणायला. मात्र उन्हाळ्याच्या सुटीत घर बंद ठेवणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा. भुरट्या चोरांना नळीचा भाव नेमका ठाऊक असतो.