वर्तमानपत्राची भाषा कोणाची?

मालगुंडात भाषेविषयी बोलायचे आणि केशवसुतांना वगळायचे, हे शोभणार नाही. १८६६ मध्ये येथे जन्मलेल्या या कवीने ‘सॉनेट’चा परका घाट मराठीत आणला, आज सुनीताला कोणी परके म्हणत नाही. परके आपले कसे होते, हाच आमचा विषय.

१९०१ साली ग्रीसमध्ये भाषेवरून रक्त सांडले. तेथे कचेरीची भाषा प्राचीन वळणाची, घरातली निराळी. अथेन्सच्या ‘अक्रोपोलिस’ या वर्तमानपत्राने बायबलातील शुभवर्तमान बोलभाषेत छापताच विद्यार्थी रस्त्यावर आले. दंगलीत आठ माणसे मेली. बोलभाषेला राजमान्यता मिळायला १९७६ साल उजाडले.

आपल्याकडे रक्त नाही, पण शाई पुष्कळ सांडली. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली आणि ‘केसरी’तून ती मांडली. अरबी, फारसी, इंग्रजी शब्दांना त्यांनी संस्कृतातून पर्याय घडवले. ‘दिनांक’, ‘महापौर’ हे त्यांचे शब्द वर्तमानपत्रांनी उचलले आणि लोकांनी पचवले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु आम्ही पडलो कामगारांत वावरणारे. ‘कामगार’ शब्दातला ‘गार’ फारसी, ‘पगार’ पोर्तुगीज, ‘हक्क’ अरबी आणि तो मागायला काढायचा ‘मोर्चा’ही फारसीच! शुद्धीचा झाडू नेटाने फिरवला, तर आमच्या हाती उरते काय?

दोष दुसऱ्यांचाच नाही. आमची शाळा लवकर सुटली. शिकलो ते वर्तमानपत्रे वाचून. त्यामुळे विद्वत्ता मिरवण्याचा मोह आम्हालाही होतो. एका पत्रकात आम्ही मोठ्या ऐटीत ‘वेतनवृद्धी’ लिहिले. काजूच्या कारखान्यातील एका बाईने ते वाचून विचारले, “भाऊ, आमच्या पगाराचा काय ह्याच्यात?” पत्रक पगाराचेच होते! आम्ही खजील झालो आणि ते पुन्हा छापले.

१८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेला ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवला व गिरणी कामगारांची गाऱ्हाणी वेशीवर टांगली. गाऱ्हाणे ज्याचे, त्याला ते वाचून कळले पाहिजे. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, हे विद्वानांनी खुशाल तपासावे. छापण्यापूर्वी आम्ही मात्र त्या बाईला विचारू.