सीमेपलीकडची वाहिनी : तिहुआनातून सॅन दिएगोत

दूरचित्रवाणीच्या लहरींना पारपत्र लागत नाही. परवाना मात्र लागतो. मेक्सिकोतील तिहुआना येथून प्रक्षेपित होणारी, पण अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्रेक्षकांसाठी इंग्रजीत चालवली जाणारी ‘एक्सईटीव्ही’ ही वाहिनी याचे बोलके उदाहरण ठरली. २९ एप्रिल १९५३ रोजी सुरू झालेल्या या वाहिनीने २०१७ पर्यंत, म्हणजे तब्बल ६४ वर्षे, एका देशाच्या परवान्यावर दुसऱ्या देशातील प्रेक्षकवर्ग सांभाळला.

टंचाईतून जन्म

अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) १९४८ ते १९५२ या काळात नव्या केंद्रांना परवाने देणे थांबवले होते. सॅन दिएगोत तेव्हा १९४९ मध्ये सुरू झालेले केएफएमबी हे एकच केंद्र होते. त्या काळच्या संचांवर प्रामुख्याने व्हीएचएफ पट्ट्यातील वाहिन्याच दिसत आणि त्यातील बऱ्याचशा जवळच्या लॉस एंजेलिसने व्यापल्या होत्या. सॅन दिएगोच्या वाट्याला ८ आणि १० हे दोनच क्रमांक आले. ६ आणि १२ तिहुआनाकडे गेले. क्रमांक ६ वर एक्सईटीव्ही उभी राहिली. परवाना मेक्सिकन कंपनीकडे, तर व्यवसायाचा कारभार सॅन दिएगोतून, अशी तिची रचना होती.

एबीसीचा आधार आणि आघात

अमेरिकेत तीन मोठी प्रक्षेपण जाळी होती आणि सॅन दिएगोत व्हीएचएफ वाहिन्या दोनच. साहजिकच एबीसीने १९५६ मध्ये एक्सईटीव्हीशी हातमिळवणी केली. मात्र परदेशी केंद्रामार्फत अमेरिकेत कार्यक्रम दाखवायचे, तर अमेरिकी कायद्यानुसार आयोगाची पूर्वपरवानगी आवश्यक होती. कार्यक्रम थेट पाठवण्याची मुभा नसल्याने फिती प्रत्यक्ष सीमेपलीकडे नेऊन तेथून दाखवाव्या लागत.

पुढे सॅन दिएगोत यूएचएफ पट्ट्यावर केसीएसटी हे केंद्र सुरू झाले. अमेरिकी केंद्र उपलब्ध असताना परदेशी केंद्राला परवानगी का, असा त्याच्या मालकांचा सवाल होता. आयोगाने तो मान्य केला आणि १९७३ मध्ये एबीसी केसीएसटीकडे गेली. प्रेक्षकांची पसंती असूनही एक्सईटीव्हीला स्वतंत्र वाहिनी म्हणून वाटचाल करावी लागली. गंमत अशी, की ज्या केसीएसटीसाठी हा खटाटोप झाला, तिलाही एबीसीने १९७७ मध्ये सोडचिठ्ठी दिली.

फॉक्सचे पर्व

१९८६ मध्ये फॉक्स हे नवे जाळे सुरू झाले आणि एक्सईटीव्ही त्याच्या पहिल्या सहयोगी केंद्रांपैकी एक ठरली. डिसेंबर १९९९ मध्ये तिने सॅन दिएगोतून स्वतःच्या बातम्याही सुरू केल्या. पडद्यावर अमेरिकी शहराचे वार्तांकन आणि मेक्सिकन नियमानुसार मेक्सिकोचे राष्ट्रगीत, असा दुहेरी संसार तिने केला. परंतु २००८ मध्ये फॉक्सने केएसडब्ल्यूबी या अमेरिकी केंद्राची निवड केली आणि एक्सईटीव्हीकडे सीडब्ल्यू हे तुलनेने छोटे जाळे आले.

विपुलतेतून अस्त

अखेरचा धक्का तंत्रज्ञानाने दिला. डिजिटल प्रक्षेपणात एकाच वारंवारितेवर अनेक उपवाहिन्या चालवता येतात. त्याचाच लाभ घेऊन सीडब्ल्यूने केएफएमबीच्या उपवाहिनीचा मार्ग धरला. ३१ मार्च २०१७ रोजी एक्सईटीव्हीच्या बातम्या थांबल्या आणि वृत्तविभागातील कर्मचाऱ्यांना रोजगार गमवावा लागला. ३१ मे रोजी सीडब्ल्यूचे कार्यक्रमही केएफएमबीकडे गेले.

वाहिन्यांच्या टंचाईमुळे जन्मलेल्या या केंद्राची गरज त्यांच्या विपुलतेने संपवली. प्रक्षेपण मात्र बंद पडले नाही. त्यावर मेक्सिकोच्या ‘कनाल ५’चे स्पॅनिश कार्यक्रम सुरू झाले आणि सहा दशके सीमेपलीकडे पाहणारी ही वाहिनी तिहुआनाच्या प्रेक्षकांकडे वळली.