पंचेचाळीस दिवसांनी कळणारी खरेदी-विक्री

अमेरिकेत मोठ्या गुंतवणूकदार संस्थांनी आपल्याकडचे शेअर दर तिमाहीला जाहीर करायचे, या पद्धतीचा उगम 1975 च्या कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पेन्शन फंड, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या आणि बँकांचे ट्रस्ट विभाग यांच्याकडे सामान्य माणसाची बचत प्रचंड प्रमाणात जमा होऊ लागली. 1960 च्या दशकात या संस्था एवढ्या मोठ्या झाल्या की त्यांच्या एकेका सौद्याने भाव हलू लागले. तरी कोणाकडे काय आहे, हे सरकारलाही धड सांगता येत नव्हते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या एसईसीने 1971 मध्ये काँग्रेसला सादर केलेल्या विस्तृत अभ्यासात ही उणीव ठळकपणे मांडली. जून 1975 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या दुरुस्ती कायद्याने 13-एफ हे कलम आले. नोंदणीकृत शेअरमध्ये 10 कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम सांभाळणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत यादी द्यायची, असा नियम त्यातून पुढे झाला.

हा फॉर्म दिसायला अगदी साधा आहे. एका ओळीत कंपनीचे नाव, शेअरचा प्रकार, नऊ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एकूण किंमत, शेअरची संख्या आणि मतदानाचा अधिकार कोणाकडे, एवढेच असते. खरेदी कोणत्या भावाने आणि कोणत्या दिवशी झाली, हे त्यात नसते. हातात नसलेला शेअर विकून मंदीचा सौदा केला असेल, तर तोही दिसत नाही. किंमत पूर्वी हजार डॉलरच्या पटीत लिहीत, 2023 च्या सुरुवातीपासून ती पूर्ण डॉलरमध्ये लिहितात. जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवताना हे लक्षात घेतले नाही, तर एकाच शेअरची किंमत हजार पटीने वाढल्यासारखी वाटते.

योगायोगाने 1975 च्या या कायद्याच्या सुमारासच बायोटेक उद्योग जन्माला आला. हर्बर्ट बॉयर आणि रॉबर्ट स्वानसन यांनी 1976 मध्ये जेनेन्टेक स्थापन केली. 1979 मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने पेन्शन फंडांवरच्या सावधगिरीच्या नियमाचा अर्थ सैल केला आणि जोखमीच्या, नव्या कंपन्यांकडे हा पैसा वळू शकला. जून 1980 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्ती या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या खटल्यात, माणसाने घडवलेल्या जिवाणूचे पेटंट घेता येते, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला जेनेन्टेकचा शेअर बाजारात आला. 35 डॉलरला दिलेला शेअर तासाभरात 88 डॉलरवर गेला आणि 71 डॉलरच्या आसपास बंद झाला. कंपनीचे एकही औषध तेव्हा दुकानात नव्हते.

संस्थांचा पैसा या उद्योगाला का लागतो, हे इथेच कळते. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचायला औषधाला दहा-दहा वर्षे लागतात. तोवर विक्री नसते आणि तारण ठेवायला फारसे काही नसते, म्हणून बँक कर्ज देत नाही. ॲमजेन 1983 मध्ये 18 डॉलरच्या भावाने बाजारात आली. तिच्या पहिल्या औषधाला परवानगी मिळाली 1989 मध्ये. एवढा काळ थांबायची ऐपत मोठ्या फंडांकडेच होती. सट्टेबाजीबद्दल त्यांना खूप बोल लावले जातात, पण त्यांच्या धीराशिवाय हा उद्योग उभा राहिला नसता.

मात्र चाचण्यांचे निकाल तिमाहीचे वेळापत्रक पाळत नाहीत. बायोजेनचे 2019 हे वर्ष त्याचा नमुना आहे. 21 मार्चला कंपनीने अल्झायमरवरच्या ॲडुकॅनुमॅबच्या चाचण्या थांबवल्याचे जाहीर केले आणि शेअर एका दिवसात सुमारे 29 टक्के कोसळला. दहा दिवसांनी तिमाही संपली. एकही शेअर न विकलेल्या फंडाच्या यादीतही बायोजेनची किंमत खूपच घटलेली दिसली. किंमत पाहून ‘संस्था बाहेर पडल्या’ असे म्हणणारा वाचक चुकला असता; अशा वेळी पाहायची असते ती शेअरची संख्या. पुढे 22 ऑक्टोबरला कंपनीने तेच औषध मंजुरीसाठी पाठवणार असल्याचे सांगितले आणि शेअर सुमारे 26 टक्के उसळला. 14 नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत ज्या याद्या आल्या, त्या 30 सप्टेंबरच्या, म्हणजे उसळीआधीच्या होत्या. तेजीत कोणी विकले, हे फेब्रुवारी 2020 पर्यंत समजणार नव्हते.

1993 मध्ये नॅस्डॅकचा बायोटेक निर्देशांक आला आणि 2001 मध्ये त्यावर आधारलेला फंड. तेव्हापासून यादी वाचणे आणखी अवघड झाले आहे. निर्देशांकात कंपनी आली की असा फंड तिचे शेअर घेतो, वगळली गेली की विकतो. कंपनीच्या औषधाबद्दल त्याचे काहीच मत नसते. ‘अमुक संस्थेने हिस्सा वाढवला’ या बातमीमागे अनेकदा एवढेच असते.

2020 मध्ये एसईसीने 10 कोटींची मर्यादा 350 कोटी डॉलर करायचा प्रस्ताव मांडला. तो मंजूर झाला असता, तर बहुतेक व्यवस्थापक यादी देण्यातून सुटले असते. विरोध जोरदार झाला आणि त्यात खुद्द नोंदणीकृत कंपन्याही होत्या, कारण आपले भागधारक कोण हे त्यांनाही याच याद्यांतून कळते. प्रस्ताव बारगळला, ते योग्यच झाले.

भारतात पद्धत उलटी आहे. इथे यादी गुंतवणूकदार देत नाही, कंपनी देते. 2004 मध्ये बाजारात आलेली बायोकॉन असो वा दुसरी कोणतीही नोंदणीकृत कंपनी, तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत तिला भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या सार्वजनिक भागधारकांची नावे त्यात असतात, आणि मुंबईतल्या दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो.