छताला टेकलेला आवाज

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच: "माझं गाणं विकतच्या गाण्यांपेक्षा इतकं हळू का वाजतं?" मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि तबल्याचा आवाज फाटतो. यामागे एक मोठी शर्यत आहे, मंडळी!

व्हायनलच्या तबकडीत आवाज वाढवला की खाच रुंद होते. एका बाजूवर कमी मिनिटं मावतात आणि अतीच केलं तर सुई उडते. म्हणजे हावरटपणाला तबकडीच लगाम घालायची. १९८२ मधे सीडी आली, लगाम सुटला, पण छत आलं. १६ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२७६७. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच पटतं: त्यापुढे जागाच नाही! लाट वर गेली की तिचं डोकं सपाट कापलं जातं. हेच ते फाटणं.

आता गंमत बघा. कानाला आवाज मोठा वाटतो तो क्षणभराच्या शिखरामुळे नाही, तर सरासरीमुळे. म्हणून शिखरं दाबायची आणि मग सगळंच वर उचलायचं. १९९४ मधे वेव्ह्ज कंपनीचा एल१ लिमिटर आला आणि हे फारच सोपं झालं. जो तो दुसऱ्यापेक्षा मोठा! २००८ साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला, तेव्हा 'गिटार हीरो' गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा स्वच्छ वाजत होती. मास्टरिंग पुन्हा करा म्हणून हजारो चाहत्यांनी सह्या केल्या.

दरम्यान २००६ साली आयटीयूने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायची पद्धत ठरवली होती. आज स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर आणतं. तुम्ही दाबून दाबून उणे ८ केलंत, तर ते ६ डेसिबल खाली ओढलं जाणार. मोठेपणा गेला, दाबल्याच्या खुणा राहिल्या.

म्हणून माझा क्रम असा. रेकॉर्ड करताना शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास. गाण्याच्या ट्रॅकमधली ८० हर्ट्झखालची घरघर काढायची, ती उगाच जागा खाते. मग हलका कॉम्प्रेसर. शेवटी लिमिटर, छत उणे १, आणि २-३ डेसिबलपेक्षा जास्त दाबायचं नाही. आधीचं आणि नंतरचं सारख्याच आवाजावर लावून ताडून बघा, कारण मोठं ते कानाला चांगलंच वाटतं.

समेवरची थाप जाणवते ती आधीच्या शांततेमुळे. तीच भरून टाकली तर उरलं काय? व्हॉल्यूमचं बटण ऐकणाऱ्याकडे आहेच की :)